गावंडे काकांचा शेवटचा पाहुणा

गावंडे काकांनी मला हायकोर्ट दाखवलं ते वाळूच्या पोत्यांवरून. म्हणजे पोत्यांच्या अलीकडे आम्ही, पोत्यांवर बंदूक, बंदुकीमागे झोप न झालेला एक जवान, आणि त्याच्या टोपीच्या वर, लांबवर, हायकोर्टाचं छप्पर.

"टाचा उचला जी," काका म्हणाले. "टाचा उचलल्या का रंगीत खांब बी दिसतात."

मी टाचा उचलल्या. जवानाने बंदूक उचलली. मी टाचा खाली टेकवल्या.

चंदीगडला येऊन मला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. नवरा एअर फोर्समध्ये, त्यामुळे सरकार सांगेल तिकडे बिऱ्हाड हलवायचं. या वेळी सरकारने सांगितलं पंजाब, आणि तेही अशा वर्षांत, की बदलीची बातमी ऐकून आमच्या कऱ्हाडच्या घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते. सेक्टर बावीसमध्ये एका घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. खालच्या मजल्याच्या दारावर देवनागरीत पाटी होती, 'गं. वि. गावंडे'. परक्या मुलखात ती पाटी बघून मला अगदी गहिवरून आलं. तो गहिवर दुसऱ्याच दिवशी सकाळी उतरला, कारण काका दारात उभे होते. गळ्यात मफलर, खांद्याला थर्मास, पायात कॅनव्हासचे बूट.

"चला जी, शहर पाहून घ्या."

"अहो काका, सामान अजून खोक्यांत आहे."

"सामान कुठी पळून राहिलं? शहराचा भरोसा नाही."

काका मूळचे वर्ध्याचे. तार खात्यातल्या नोकरीने त्यांना चंदीगडला आणून टाकलं आणि ते तिथेच निवृत्त झाले. पंचकुला, मोहालीपासून थेट चंडीमंदिरच्या छावणीपर्यंत कुणाही मराठी माणसाकडे पाहुणा उतरला, की काकांना वास लागायचा. लेकीच्या बाळंतपणाला आलेली आई असो, क्लाससाठी आलेला विद्यार्थी असो की हळद न उतरलेलं जोडपं, सकाळी थर्मास दारात हजर. मग सचिवालय, विधानसभा, हायकोर्ट, तो वाऱ्यावर फिरणारा लोखंडी उघडा हात, आणि सगळ्यात शेवटी सेक्टर दहाचं म्युझियम. पहिल्या चार ठिकाणी आत जायची सोय त्या दिवसांत राहिली नव्हती. सगळीकडे काटेरी तार आणि पोती. काकांना त्याचं काही नव्हतं. ते बाहेरून दाखवायचे.

माहिती सांगायचे तीही आपल्याच कारखान्यातली. "हे सचिवालय एवढं लांब आहे जी, का या टोकाले फाइल निघाली तर त्या टोकाले पोचेपर्यंत साहेब रिटायर होते." विधानसभेच्या डोक्यावर धुराड्यासारखं काहीतरी आहे, त्याला ते कूलर म्हणायचे. फ्रान्सकडच्या ज्या साहेबाने हे शहर आखलं, त्याला काकांच्या मते इथं पाय ठेवताच लू लागली, म्हणून सगळ्या इमारतींना एवढ्या सावल्या. मी एकदा हौसेने पुस्तक आणून दाखवलं, की असं काही झालेलं नाही.

"नसन," काका म्हणाले. "पण तो आला तवा तुम्ही होत्या काय?"

मी पुस्तक मिटलं.

पण माहिती म्हणजे नुसतं तोंडी लावणं. खरं जेवण पुढे होतं. प्रत्येक इमारतीसमोर ते पाहुण्याला रस्त्याच्या कडेला बसवायचे आणि गप्प करायचे. "नुसतं पाहा. बोलून काऊन राहिले?" पाहुणा बिचारा उन्हात डोळे बारीक करून सिमेंटकडे बघत बसायचा. मग काका थर्मासच्या झाकणात चहा ओतायचे, तो पाहुण्याच्या हातात द्यायचे आणि वाकून विचारायचे, "बोला. काय दिसलं?"

"भव्य आहे," कुणी म्हणायचं.

"हे तर पोस्टकार्डावर बी लिहिलेलं असते."

एक मेजरसाहेब म्हणाले, "स्ट्रक्चर सॉलिड आहे." काका म्हणाले, "तुम्ही बंकर पाहाले आले काय?" एका नव्या नवरीने विचारलं, की सुखना लेकला कधी जायचं? तिच्या हातातलं झाकण काकांनी अर्ध्या चहासकट परत घेतलं. मला विचारलं तेव्हा मी फणकाऱ्याने म्हटलं, "मला सिमेंट दिसलं." माझा स्वभाव मुळातच फटकळ, त्यातून पोटात कावळे ओरडत होते. पण काकांचा चेहरा खुलला. "खरं बोलल्या. पुरं नाही, पण खरं. तुमच्यात दम आहे जी. तुम्हाले दर महिन्याले दाखवीन." आणि खरंच दाखवायचे. मी नाही म्हणायचे, आणि तरी चप्पल घालून खाली उतरायचे.

एरवी प्रत्येक उत्तरानंतर त्यांचा चेहरा पडायचा. नापास झाला तो पाहुणा, आणि निकाल लागल्यासारखा चेहरा मात्र काकांचा. हे कोडं मला सुटत नव्हतं.

ते दिवस वाईट होते. सकाळी रेडिओ लावला की कुठल्या तरी गावातून किती माणसं गेली ते सांगायचे. आपण ऐकायचं, आणि कढईत मोहरी टाकायची. मला त्या मोहरीची लाज वाटायची. अंधार पडायच्या आत सेक्टर सतरामधली दुकानं खाली ओढली जायची. बेवारस डबा, पिशवी, ट्रान्झिस्टर, कशालाही हात लावू नका, म्हणून भोंग्यावरून ओरडत गाडी फिरायची. आमचा दूधवाला सरदार होता. भला माणूस, आल्या आल्या "भैणजी, सब ठीक?" विचारायचा. हळूहळू त्याचं बोलणं आटलं, आणि आमचंही. तो मापाकडे बघायचा, मी पातेल्याकडे. कुणी कुणाचं काही केलेलं नव्हतं, आणि तरी तसं झालं.

अशा दिवसांत काकांचा थर्मास म्हणजे चालताबोलता संशयित. प्रत्येक नाक्यावर तो उघडायला लावायचे. हायकोर्टापाशी तर जवानाने काकांना आधी स्वतः घोटभर प्यायला लावलं. काकांनी तो प्यायला, दुसरं झाकण भरून जवानाला दिलं आणि विचारलं, "बेटा, सुबह से यहां खडा है. कभी पीछे मुडके देखा क्या? क्या दिखा?"

"अंकल," जवान म्हणाला, "हमको तो सिर्फ आप दिखते हो. रोज."

लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. लोक कोथिंबीर आणायलासुद्धा दोघं मिळून जातात, आणि हा गाठोड्यासारखे पाहुणे घेऊन बंदुकांपुढे बसतो. मीही म्हणायचे.

काकूंचं बरोबर उलटं. त्या घराबाहेर पडायच्याच नाहीत. भाजीसुद्धा काका आणायचे. संध्याकाळी फार तर फाटकापर्यंत यायच्या, शेजारच्या पंजाबी बाईचं तान्हं कडेवर घेऊन तिथं उभ्या राहायच्या, आणि काका कोपऱ्यावर दिसले की वळून आत. फाटकाच्या पलीकडे पाऊल म्हणून नाही.

एका संध्याकाळी बसस्टँडच्या दिशेने मोठा आवाज झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि वीज गेली. काका कुणा पाहुण्यांना घेऊन बाहेर होते. थोड्या वेळाने जिना चढून काकू वर आल्या, पहिल्यांदाच. मी मेणबत्ती लावली. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"येतील जी ते," मी न विचारताच त्या म्हणाल्या. "त्यायले काही होत नाही. ज्याले व्हायचं नव्हतं त्याले झालं."

मग त्यांनी सांगितलं. शेखर त्यांचा मुलगा. म्युझियमजवळच्या चित्रकलेच्या कॉलेजात होता. काकांना तो इंजिनियर व्हायला हवा होता. पोरगा दिवस दिवस म्युझियममध्ये बसून दगडी मूर्तींची चित्रं काढायचा.

"घरी येऊन यांले सांगे, हिंदीतून. इथीच वाढला ना, मराठी समजे, बोलणं हिंदीत. कोण साहेब होता, कोणत्या भिंतीवर कशी सावली पडते, काय काय सांगे. हे पेपर वाचत हं हं करत. तो म्हणे, 'बाबा, एक बार चलके देखो तो सही.' हे म्हणत, दगडं पाहून पोट भरते काय रे?"

मेणबत्तीचं मेण ताटलीत पडत होतं.

"एक दिवस पटियाल्याले निघाला, मित्राकडे. बस रस्त्यात थांबवली अतिरेक्यायनं. चित्रायची पिशवी बी त्याच्याजवळच होती. तेही काही राहिलं नाही मागं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तेरावा झाल्यावर हे पहिल्यांदा तिथी गेले. दिवसभर बसले. येऊन म्हणाले, 'सुमन, मले काही दिसलं नाही.' तेव्हापासून हे सुरू झालं. त्याले दिसे ते कोणाले तरी दिसन, म्हणतात. माझ्यापुढे त्याचं नाव घेत नाहीत, मी रडीन म्हणून. मले काही विचारतच नाहीत."

तेवढ्यात खाली फाटक वाजलं. काकू उठून गेल्या. खाली काका पाहुण्यांना सांगत होते, "काही नाही, कुठी तरी फटाके फुटले असतील. म्युझियम उद्या पाहू." त्यांचा तो खोटा मजेतला आवाज ऐकून मला रडू फुटलं.

आता ते चुकीच्या माहितीचं कोडंही सुटलं. पेपर वाचता वाचता कानावर पडलेले शेखरच्या बोलण्याचे तुकडे होते ते. मधल्या जागा काका आपल्या मनाने भरत होते.

त्यानंतर मी त्यांना कधी नाही म्हटलं नाही. मनापासून बघायचे. पण मला चित्रातलं काडीचं कळत नाही. दगड दगडच दिसायचा. एकदा न राहवून मी काहीतरी रचून सांगितलं, या मूर्तीच्या चेहऱ्यावर अपार शांती आहे वगैरे. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "नाही जी. तुम्ही माझ्यासाठी सांगून राहिल्या."

पुढच्या हिवाळ्यात वर्ध्याहून त्यांची लेक आली आणि तिने आईबापांचा निकाल लावून टाकला. आता इथं राहायचं नाही. घरमालकाला कळवलं, ट्रक ठरला. काकांनी वाद घातला नाही. फक्त जिन्यात मला गाठून म्हणाले, "जायचं तर जाऊ. पण त्याच्या आधी कोणाले तरी दिसलं पाहिजे. तिकडे गेल्यावर मी काय दाखवू अन् कोणाले विचारू?"

आणि नेमकं त्या आठवड्यात पाहुणा मिळेना. त्या थंडीत, त्या काळात, कोण मरायला येणार होतं चंदीगडला? काका थर्मास भरून फाटकात उभे राहायचे आणि दुपारी तो चहा झाडाला ओतायचे.

आमच्या सासूबाई आल्या. पत्र नाही, तार नाही. मुलाने येऊ नको म्हणून कळवलं होतं, म्हणूनच आल्या. सामानात लोणच्याची बरणी, तीळ आणि गुडघ्याला लावायचं तेल. "मरायचं तर मानूस कऱ्हाडात बी मरतंय. लेकाचं तोंड बघून मरू," असं दारातच सांगून त्या आत आल्या. त्यांच्यामागे थर्मास होताच.

"आजीबाई, तुम्ही माझ्या शेवटच्या पाहुण्या," काका म्हणाले. "परवा ट्रक येऊन राहिला."

"मला काय बगायचं न्हाई. गुडघं दुखत्यात."

मी त्यांना आत नेऊन दोन शब्द सांगितले. शेखरचं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, की म्हातारा उद्या-परवा जाणार, मन राखा. त्यांनी गुडघ्याला तेल चोळलं आणि निघाल्या.

त्या दिवशी कुणी बडी असामी येणार म्हणून सेक्टर एकचा सगळा रस्ता बंद होता. सचिवालय नाही, हायकोर्ट नाही, टाचा उचलूनसुद्धा नाही. उरलं म्युझियम. फाटकावर थर्मास काढून घेतला, काकांचे खिसे तपासले, सासूबाईंच्या तपकिरीच्या डबीचा वास घेऊन शिपाई शिंकला. आत शुकशुकाट. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही तिघं. चढणीवरून जाताना सासूबाईंनी फ्रान्सच्या साहेबाचा उद्धार केला, की पायऱ्या बांधायला काय झालं होतं मेल्याला. बारीक चित्रांपुढे त्या म्हणाल्या, "मुंगीनं काडल्यात. मुंगीलाच दावा." काका हसले नाहीत. त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

मग दगडी मूर्तींचं दालन आलं. एका बाईच्या मूर्तीपुढे सासूबाईंनी गुडघे धरले आणि तिथल्या बाकावर बसल्या. निळसर करड्या दगडाची, उभी, नाकाचा शेंडा उडालेला. एक मूल कडेवर, एक खांद्याशी. खाली पाटी, हारीती.

"ही पहिले दुसऱ्याची लेकरं खात होती," काका म्हणाले. ही गोष्ट मात्र त्यांनी न अडखळता सांगितली. "मग बुद्धानं हिचंच एक लेकरू लपवून ठेवलं. रडत रडत सगळीकडे धुंडाळे. तवा समजलं तिले. तवापासून लेकरायले सांभाळते."

त्या दिवसांत ती गोष्ट ऐकवत नव्हती. मी दुसरीकडे बघितलं.

सासूबाई बराच वेळ बघत होत्या. काकांनी थर्मास चाचपला, तो नव्हता. वाकून, कोरड्या तोंडाने त्यांनी विचारलं, "आजीबाई, काय दिसलं?"

"काय दिसायचंय? बाई दमलीया," सासूबाई म्हणाल्या. "समदा भार एका पायावर घेतलाय बगा. कंबर भाईर काडलीया. कडंवर पोर आसलं की बाई आशीच उबी ऱ्हाती. हे कुनी मनानं केल्यालं न्हाई. ज्यानं केलं त्यानं आपल्या आईकडं बगून केलंय."

काका खाली बसले. बाकावर नाही, जमिनीवरच.

"परत सांगा जी."

"अवो, कितींदा सांगू? आईला बगून केलंय म्हनलं."

माझ्या डोळ्यापुढे आमचं फाटक आलं. शेजारणीचं तान्हं घेऊन उभ्या असलेल्या काकू, एक कंबर बाहेर काढून, सगळा भार डाव्या पायावर. मी म्हटलं, "काका, काकूंना इथं आणा."

"तिले? तिले कसं आणू? ती रडन."

"म्हंजे बायकूला दावलंच न्हाई?" सासूबाई कडाडल्या. दालनाच्या दाराशी पेंगणारा शिपाईसुद्धा उठला. "आख्ख्या म्हाराष्ट्राला इचारत फिरलासा! काखंत कळसा आन् गावाला वळसा!"

दुसऱ्या दिवशी सामान बांधून झालं होतं. सकाळी काका फाटकाबाहेर उभे राहिले, थर्माससकट. काकू आत. "चाल सुमन," काका म्हणाले. एवढंच. काकूंनी फाटकाच्या दांडीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. सासूबाईंनी मागून त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "चला, माजं बी गुडघं दुखत्यात." काकूंनी पाऊल बाहेर टाकलं. रिक्षात त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. रस्त्यावरचं प्रत्येक पोतं, प्रत्येक बंदूक त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

हारीतीपुढे आम्ही दोघी मागेच थांबलो. काका तर दारातच राहिले. त्यांचा तो प्रश्न त्यांच्या तोंडून निघेना. काकू एकट्या पुढे गेल्या. बघत उभ्या राहिल्या, आणि बघता बघता त्यांचा भार डाव्या पायावर गेला.

"असं होतं काय," त्या म्हणाल्या.

काकू एक पाऊल पुढे सरकल्या.

"मी फाटकात उभी राहो, कोणाचं तरी लेकरू घेऊन. हा पायरीवर बसून पाहे माझ्याकडे. म्हणे, 'आई, हिलना मत.' मी म्हणो, काऊन रे? म्हणे, 'मिल गई.' म्हटलं, काय मिळालं? म्हणे, 'चल कभी, दिखाऊंगा.' मी म्हणो, माझं दूध उतू जाऊन राहिलं, तू जा." त्या मूर्तीकडेच बघत होत्या. "मी बी नाही आली ना जी."

काका हळूहळू त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिले. काकूंनी मान वळवली.

"तुम्हाले काय दिसलं?"

इतक्या वर्षांत हे काकांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"शेखर," ते म्हणाले.

काकू रडल्या. ज्याची काकांना एवढी धास्ती होती तेच झालं, आणि काकाही रडले, दोघं तिथंच, एकमेकांचे हात धरून. मला वाटतं, त्यांचा मुलगा त्या दिवशी खऱ्या अर्थाने गेला, आणि थोडा परतही आला. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. आम्ही दोघी चढण उतरून खाली गेलो आणि फाटकावरच्या शिपायाकडून थर्मास सोडवून आणला.